काटा थरथरतो तेव्हा...

एका इंजिनाच्या छोट्या विमानात वैमानिकापुढे तेलाचा दाब, तापमान, इंजिनाच्या फेऱ्या आणि इंधन दाखवणाऱ्या तबकड्या असतात. त्यांतला एखादा काटा भर आकाशात अचानक हलू लागला, तर बिघाड इंजिनात आहे की काट्यातच? या प्रश्नाच्या उत्तरावर पुढची काही मिनिटे अवलंबून असतात. काट्यांची ही भाषा वाचायची कशी, याचा हा परिचय.

कल्पना करा. पावसाने उघडीप दिलेली सकाळ आहे. बारामतीच्या धावपट्टीवरून निघालेले चार आसनांचे एक छोटे सेसना विमान जमिनीपासून तीन हजार फुटांवर स्थिरावले आहे. आत विद्यार्थी वैमानिक एकटाच आहे. शेजारच्या आसनावर आज प्रशिक्षक नाही. खाली उसाचे फड, इंजिनाचा एकसुरी आवाज, सारे कसे सुरळीत. आणि एवढ्यात तेलाचा दाब दाखवणारा काटा थरथरतो. खाली येतो, क्षणभर थांबतो, पुन्हा वर जातो. आवाजात मात्र काहीच फरक नाही.

आता या विद्यार्थ्याने काय करावे? मोटारीत असता, तर गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन बॉनेट उघडता आले असते. आकाशाला अशी कड नसते. इंजिन बंद पडले म्हणून या जातीचे विमान दगडासारखे कोसळत नाही. ते तरंगत खाली येते. परंतु दर हजार फूट उंचीमागे त्याला साधारण दीड सागरी मैल, म्हणजे पावणेतीन किलोमीटर, एवढेच अंतर कापता येते. याचाच अर्थ, तीन हजार फुटांवरील वैमानिकाच्या हाती सुमारे आठ किलोमीटरचा टापू आणि चार मिनिटांच्या आसपास अवधी असतो. म्हणूनच काटा खरे बोलतो आहे की खोटे, याचा निवाडा त्याला तिथेच आणि तेव्हाच करावा लागतो.

तबकड्यांचे कुटुंब

सेसना १७२ हे जगात सर्वाधिक संख्येने तयार झालेले विमान. १९५६ साली ते बाजारात आले आणि आजवर अशी ४४ हजारांहून अधिक विमाने बनली. जगभरातील असंख्य वैमानिकांनी पहिले धडे याच विमानात गिरवले. त्यामुळे उदाहरणासाठी तेच घेऊ. त्याच्या १७२-एस या प्रकारात १८० अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे इंजिन असते. तेलाच्या दाबाच्या तबकडीवर ५० ते ९० पौंड प्रति चौरस इंच हा हिरवा पट्टा असतो; २० आणि ११५ या आकड्यांवर लाल रेषा असतात. तेलाच्या तापमानाचा हिरवा पट्टा १०० ते २४५ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ३८ ते ११८ अंश सेल्सियस. इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा मिनिटाला २७००.

याखेरीज विमानाच्या प्रकारानुसार सिलिंडरच्या माथ्याचे तापमान, बाहेर पडणाऱ्या धुराचे तापमान, इंधनाचा प्रवाह, बॅटरीत जाणारा वा तिच्यातून येणारा विद्युतप्रवाह अशा तबकड्या असतात. पट्ट्यांचा अर्थ सोपा आहे. हिरव्यात असेल तर ठीक, लाल रेषा ओलांडली तर धोका. खरी परीक्षा असते ती हिरव्या पट्ट्यातच अस्वस्थ झालेल्या काट्याची.

काट्यामागे काय असते?

काटा वाचायचा, तर तो कोणाच्या सांगण्यावरून हलतो हे आधी माहीत हवे. जुन्या पद्धतीच्या दाबमापकात इंजिनातले तेलच एका बारीक नळीतून थेट तबकडीच्या मागे येते. तिथे धातूची एक वाकवलेली पोकळ नळी असते. जत्रेत मिळणारी कागदी पिपाणी फुंकली की उलगडते. तशीच ही नळी दाब वाढला की किंचित सरळ होते आणि काट्याला ढकलते. यूजेन बोर्डन या फ्रेंच अभियंत्याने १८४९ साली या रचनेचे पेटंट घेतले आणि आजही ती जगभर वापरात आहे.

दुसऱ्या पद्धतीत इंजिनावर एक संवेदक, म्हणजे सेन्सर, बसवलेला असतो. दाब किंवा तापमान बदलले की त्याचा विद्युतरोध बदलतो आणि तारेतून आलेल्या त्या बदलानुसार काटा फिरतो. धुराचे तापमान मोजताना दोन भिन्न धातूंच्या तारांचा जोड वापरतात. तो तापला की अत्यल्प विद्युतदाब निर्माण होतो. इंधनाच्या टाकीत पाण्याच्या टाकीसारखाच तरंगणारा गोळा असतो.

म्हणजे इंजिन आणि वैमानिकाचा डोळा यांच्यामध्ये तारा, जोड, अर्थिंग, नळ्या असे बरेच मध्यस्थ असतात. सतत थरथरणाऱ्या इंजिनाच्या सान्निध्यात त्यांना वर्षानुवर्षे काढावी लागतात. त्यामुळे निरोप देणारा बिघडला आणि इंजिन मात्र ठणठणीत, असे प्रसंग घडतात. आणि नेमका हाच अनुभव वैमानिकाला बेसावध करतो.

तीन प्रश्न

हलणाऱ्या काट्यासमोर वैमानिकाने स्वतःला तीन प्रश्न विचारायचे असतात.

पहिला प्रश्न असा, की बदल किती वेगाने झाला? इंजिनात सात-साडेसात लिटर तेल असते. एवढे तेल तापायला वेळ लागतो. चुलीवर ठेवलेले पातेले क्षणात उकळत नाही. तेव्हा तापमानाचा काटा एका सेकंदात लाल रेषेवर गेला आणि दुसऱ्या सेकंदात परत आला, तर तेल तापून निवले असे होणे शक्य नाही. तार ढिली झाली असण्याचीच शक्यता अधिक. हळूहळू, मिनिटामिनिटाने सरकणारा काटा अधिक गंभीरपणे घ्यायचा. दाबाचे मात्र तसे नाही. दाब खरोखरच क्षणात कोसळू शकतो. म्हणून तापमानाला लावलेली कसोटी दाबाला लावता येत नाही.

दुसरा प्रश्न, सोबतचे काटे काय म्हणतात? इंजिनातील कोणतीही गोष्ट एकटी बिघडत नाही. तेल कमी झाले की घर्षण वाढते, उष्णता वाढते. एक काटा ओरडत असताना त्याचे शेजारी शांत असतील, तर संशय त्या काट्यावर घ्यायला जागा आहे. दोन काटे एकमेकांना दुजोरा देत असतील, तर संशयाला जागा उरत नाही.

तिसरा प्रश्न इंद्रियांना विचारायचा. आवाज बदलला का? आसनाला जाणवणारी थरथर वाढली का? जळक्या तेलाचा वास येतो आहे का? समोरच्या काचेवर तेलाचे ओघळ दिसतात का? ही उत्तरे कोणत्याही तारेतून येत नाहीत. त्यामुळे ती सहसा खोटी नसतात.

दाब घसरतो तेव्हा

हे तीन प्रश्न आता आपल्या विद्यार्थ्याच्या काट्याला लावून पाहू. तेलाचा दाब खालीवर होण्याची कारणे अनेक. तेलाची पातळी कमी असेल, तर चढताना वा वळताना पंप तेलासोबत हवाही ओढतो आणि काटा डगमगतो. दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेच्या बैठकीवर कचऱ्याचा एखादा कण अडकला, तर झडप नीट मिटत नाही. किंवा सेन्सरच अखेरच्या घटका मोजत असतो.

सेसनाच्या वैमानिक-पुस्तिकेतील मार्गदर्शन याबाबत स्पष्ट आहे. दाब कमी दिसतो, पण तेलाचे तापमान नेहमीसारखेच असेल, तर दोष दाबमापकात किंवा झडपेत असू शकतो. तबकडीकडे येणारी तेलाची नळी फुटली, तरी तिच्या तोंडाशी अतिशय अरुंद छिद्र ठेवलेले असते. त्यामुळे सारे तेल एकदम वाहून जात नाही. तरीही जवळच्या विमानतळावर उतरून तपासणी करणेच इष्ट. याउलट दाब पूर्ण गेला आणि तापमान चढू लागले, तर इंजिन लवकरच बंद पडणार असे धरून चालायचे. ताबडतोब शक्ती कमी करायची आणि उतरण्याजोगे मोकळे शेत शोधायला लागायचे.

यात एक खोच आहे, आणि ती नवशिक्यांना ठाऊक नसते. सगळे तेल गळून गेले, तर तापमान मोजणाऱ्या सेन्सरभोवती तेलच उरत नाही. अशा वेळी तापमानाचा काटा चढण्याऐवजी जागीच राहील किंवा उतरेलही. ‘दाब शून्य, पण तापमान ठीक’ एवढ्यावर निर्धास्त होणे म्हणूनच धोक्याचे. दोन्ही परिस्थितींत विमानाचे नाक धावपट्टीकडे वळवायचे, हा नियम त्यातूनच आला.

दमट हवेतील बर्फ

आता फेऱ्यांच्या काट्याकडे वळू. कार्ब्युरेटर असलेल्या इंजिनात, थ्रॉटलला हात न लावताही फेऱ्या हळूहळू कमी होऊ लागल्या, तर पहिला संशय बर्फावर घ्यायचा असतो. पावसाळ्यातल्या कोकणात, पंचवीस अंश तापमानात बर्फ? ऐकून विश्वास बसत नाही. पण उन्हाळ्यात माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने कार्ब्युरेटरही गारठतो. इंधनाची वाफ होताना ती भोवतालची उष्णता शोषून घेते. त्यातच अरुंद गळ्यातून वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब घटतो आणि ती आणखी थंड होते. ही घट ३५ अंश सेल्सियसच्या घरात जाऊ शकते. हवेतील बाष्प मग तिथेच गोठते आणि इंजिनाचा श्वास कोंडू लागतो. हवा २१ अंशांहून थंड आणि आर्द्रता ८० टक्क्यांहून अधिक असताना हा धोका सर्वाधिक. परंतु योग्य परिस्थितीत ३८ अंशांपर्यंतही तो संभवतो.

यावर उपाय म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी खिट्टी ओढणे. मात्र ती ओढताच फेऱ्या आणखी कमी होतात. गरम हवा विरळ असते आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी इंजिनात जाते. इंजिन खोकते, धडधडते. घाबरलेला वैमानिक खिट्टी पुन्हा आत ढकलतो आणि सुटत आलेली गाठ आपल्याच हाताने घट्ट करतो. अर्धा-एक मिनिट धीर धरला, तर फेऱ्या पूर्ववत होतात. हा काटा आधी खाली जाऊनच वर येतो. १७२ची निर्मिती १९८६मध्ये थांबली होती. १९९६पासून पुन्हा बनू लागलेल्या या विमानांत कार्ब्युरेटरऐवजी थेट इंधन फवारण्याची पद्धत आली आणि हा प्रश्न मिटला. जुनी १७२ आणि दोन आसनांची सेसना १५२ यांना मात्र तो लागू आहे.

सगळेच काटे एकदम नाचू लागले तर?

कधीकधी तेल, तापमान, इंधन असे तीन-चार काटे एकाच क्षणी उड्या मारतात. रेडिओवर बोलण्यासाठी बटण दाबले की हमखास तसे होते, असेही आढळते. अशा वेळी इंजिनाचे तीन-चार भाग एकाच सेकंदाला बिघडले, असे मानण्यापेक्षा त्या काट्यांमध्ये समाईक काय आहे ते पाहायचे. बहुधा अर्थिंगचा एखादा ढिला जोड, गंजलेला स्क्रू किंवा अल्टरनेटरचा दोष सापडतो.

हा नियम चांगला आहे. पण तो किती फसवा ठरू शकतो याचे उदाहरण हवाई इतिहासात नोंदले गेले आहे. ५ मे १९८३ रोजी ईस्टर्न एअरलाइन्सचे तीन इंजिनांचे एल-१०११ विमान १७२ जणांना घेऊन मायामीहून बहामातील नासाऊकडे निघाले होते. वाटेत मधल्या इंजिनाच्या तेलाचा दाब घसरला. वैमानिकांनी ते इंजिन बंद केले आणि विमान मायामीकडे वळवले. थोड्याच वेळात उरलेल्या दोन्ही इंजिनांच्या तेलाचे इशारेही लागले. तिन्ही इंजिनांतील तेलाचे मापक शून्यावर! तीन स्वतंत्र इंजिने एकाच वेळी तेलाविना कशी होतील? दोष दर्शकांतच असणार, असे वैमानिकांना वाटले. तर्काला धरूनच होते ते.

परंतु दर्शक खरे होते. आधी एक, मग दुसरे अशी उरलेली दोन्ही इंजिने बंद पडली आणि ते अवाढव्य विमान कोणत्याही शक्तीविना समुद्राकडे झुकू लागले. सुमारे चार हजार फुटांवर, आधी स्वतःहून बंद केलेले मधले इंजिन पुन्हा सुरू करण्यात वैमानिकांना यश आले आणि त्या एकाच्या बळावर विमान मायामीला सुखरूप उतरले. चौकशीत कारण निघाले ते असे. उड्डाणापूर्वीच्या देखभालीत तिन्ही इंजिनांवर तेलातील धातूचे कण टिपणारे भाग बदलले गेले. ते बसवताना रबरी कड्या लावायच्या राहिल्या. तेल तिथून गळून गेले.

म्हणजे ‘समाईक काय ते पाहा’ हा प्रश्न बरोबरच होता. त्याचे उत्तर तेवढे तारांमध्ये नव्हते. तिन्ही इंजिनांवर एकाच पद्धतीने झालेली चूक हीच ती समाईक गोष्ट होती. आपल्या विमानावर कालपरवा कोणते काम झाले, हे वैमानिकाला उड्डाणाआधी ठाऊक असायला हवे, ते यासाठी.

स्थिर काटाही फसवतो

हलणारा काटा निदान लक्ष तरी वेधतो. चुकीच्या आकड्यावर शांतपणे थांबलेला काटा त्याहून घातक. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनमध्ये हिमवर्षाव होत असताना एअर फ्लोरिडाच्या बोइंग ७३७ने उड्डाण केले. इंजिनाच्या तोंडाशी असलेली दाब मोजणारी नळी बर्फाने बुजली होती आणि बर्फ वितळवणारी यंत्रणा सुरू केलेली नव्हती. त्यामुळे मुख्य मापक शक्ती पुरेशी असल्याचे दाखवत राहिले. प्रत्यक्षात ती बरीच कमी होती. शेजारची मापके वेगळे सांगत होती, सहवैमानिकाने शंकाही बोलून दाखवली होती. पण उड्डाण थांबले नाही. विमान पुलावर आदळून पोटोमॅक नदीत कोसळले. पुलावरील चौघांसह ७८ जणांचा त्यात मृत्यू झाला.

छोट्या विमानात याचे घरगुती रूप रोज उड्डाणाआधीच्या चाचणीत दिसते. इंजिनाला ठिणगी पुरवणारे दोन मॅग्नेटो असतात. चाचणीत एकेक बंद करून पाहिले, की फेऱ्या थोड्या कमी व्हायला हव्यात. १७२-एसमध्ये दीडशेपर्यंतची घट चालते. काटा जराही खाली आला नाही, तर नवशिक्याला आनंद होतो. वास्तविक तीच चिंतेची बाब. आपण बंद केलेला मॅग्नेटो बंदच झाला नाही, त्याची अर्थिंगची तार तुटली आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो. अशा इंजिनाचा पंखा जमिनीवर हाताने फिरवणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

इंधनाच्या काट्याबद्दल तर वैमानिकांना पहिल्या दिवसापासून सावध केले जाते. टाकीतले इंधन हिंदकळते, तरंगता गोळा वरखाली होतो, वळताना काटा भलतेच सांगतो. म्हणून उड्डाणापूर्वी टाकीत पट्टी बुडवून इंधन मोजायचे आणि आकाशात घड्याळाकडे पाहायचे. मोजलेले इंधन, ताशी खर्च आणि झालेला वेळ यांचा हिशेब काट्याशी जुळला नाही, तर दोहोंपैकी जो कमी इंधन सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा.

पडद्यावरील आकडे

नव्या विमानांत तबकड्यांची जागा पडद्यांनी घेतली आहे. प्रत्येक सिलिंडरचे तापमान स्वतंत्र दिसते आणि सेकंदासेकंदाची नोंद साठवली जाते. एखाद्या सिलिंडरमधील धुराचे तापमान अचानक वाढले आणि त्याच्या माथ्याचे तापमान किंचित उतरले, तर दोनपैकी एक प्लग पेटत नसल्याची ती खूण असते. एकाच सिलिंडरच्या धुराचे तापमान सुमारे मिनिटाला एक अशा संथ लयीत वरखाली होत असेल, तर जळू लागलेल्या झडपेचा संशय घेतात. ही झडप काम करताना स्वतःभोवती सावकाश फिरते. तिचा खराब भाग फिरून येतो, तशी ती लाट उमटते. कॉकपिटमध्ये बसल्या जागी ही लाट सहसा ध्यानात येत नाही. जमिनीवर आल्यावर आलेख पाहिला की ती उघड होते.

या अचूकतेचा एक तोटाही आहे. जुन्या जाड काट्याला न जाणवणारा एक-दोन अंशांचा चढउतार पडद्यावर सतत लुकलुकत राहतो आणि नवा वैमानिक उगाच धास्तावतो. त्यावर उपाय एकच. आपल्या विमानाचे नेहमीचे आकडे पाठ हवेत. ‘हिरव्यात आहे’ एवढे पुरेसे नाही. रोज ७५वर असणारा दाब आज ५८ असेल, तर तो हिरव्या पट्ट्यात असूनही काहीतरी सांगतो आहे.

पुन्हा बारामतीच्या आकाशात

आपला विद्यार्थी अजून तीन हजार फुटांवर आहे. त्याने तापमान पाहिले. ते स्थिर आहे. आवाज तोच, काच स्वच्छ, बाकीचे काटे शांत. बहुधा सेन्सरच बिघडला असावा. तरी त्याने विमान धावपट्टीकडे वळवले, उंची राखली, रेडिओवर अडचण सांगितली आणि वाटेतली मोकळी शेते नजरेत ठेवली. इंजिन अखेरपर्यंत चालले. उतरल्यावर त्याने ‘काटा हलतो’ एवढेच न लिहिता, किती वाजता, किती उंचीवर, किती फेऱ्यांवर, कुठून कुठपर्यंत हलला, हे नोंदवहीत लिहिले. मेकॅनिकचे निम्मे काम त्या चार ओळींनी होते.

समजा, तपासणीत फक्त एक ढिली तार निघाली. मग ती सकाळ वाया गेली का? खोट्या काट्यावर विश्वास ठेवला, तर एक उड्डाण वाया जाते, थोडे पेट्रोल जळते, कदाचित मित्र चेष्टा करतात. खऱ्या काट्यावर अविश्वास दाखवला, तर मायामीच्या त्या विमानासारखे दैव प्रत्येकाच्या वाट्याला येतेच असे नाही. त्यातून एकाच इंजिनाच्या विमानात पुन्हा सुरू करायला दुसरे इंजिन नसते. काटा खोटा आहे की खरा, याचा शोध घ्यायचाच. तो जमिनीवर उतरून, बॉनेट उघडून.